संथ गतीचे डिझेल इंजिन : निवड आणि पारख

मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील जोगेश्वरी हे आता गाव म्हणून ओळखू येत नाही. पूर्वेस टेकडीच्या कातळात कोरलेली जोगेश्वरीची प्राचीन लेणी, त्यांच्यापलीकडे आरे दुग्ध वसाहत आणि पश्चिमेस ओशिवऱ्याच्या बाजूला खाजणावर भराव घालून उभी राहिलेली दाट वस्ती, अशी त्याची आजची मांडणी आहे. ह्या सर्व पट्ट्यात म्हशींचे तबेले पिढ्यान् पिढ्या चालत आले. शहराला दूध पुरविणाऱ्या ह्या धंद्याला विजेची सोय इतर महाराष्ट्राच्या मानाने फार लवकर मिळाली. कारण उपनगरांना वीज पुरविणारी कंपनी १९२९ सालीच स्थापन झाली होती. साहजिकच पाण्याचा पंप, कडबा कापण्याचे यंत्र आणि पहाटेच्या धारांसाठी लागणारा उजेड ही सर्व कामे विजेवर आली आणि जुनी तेलाची इंजिने अडगळीत पडली.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथील वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पश्चिम उपनगरांतील तबेल्यांत हजारो जनावरे दावणीला बांधलेल्या स्थितीत बुडून मेली. त्या जनावरांना कोणतेही इंजिन वाचवू शकले नसते. परंतु जी वाचली त्यांच्यापुढे दुसरा प्रश्न होता. अपघात टाळण्यासाठी उपनगरांचा वीजपुरवठा बंद करावा लागला होता आणि काही भागांत तो सुरळीत होण्यास कित्येक दिवस गेले. दुभत्या म्हशीला दिवसाला ६० ते ८० लिटर पाणी प्यावयास लागते. सभोवार पाणीच पाणी, आणि ते गटाराचे; विहिरीत किंवा विंधणविहिरीत असलेले पाणी वर काढावयास वीज नाही, अशी ही अवस्था होय. पुढे १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि ठाणे परिसराचा वीजपुरवठा एकाएकी खंडित झाला तेव्हाही काही भागांस संध्याकाळपर्यंत वाट पाहावी लागली.

ज्याच्या दारात तार आहे त्याची ही कथा. डोंगरकपारीच्या वस्तीत, नदीकाठच्या दूरच्या मळ्यात किंवा रात्री अपरात्रीच वीज मिळणाऱ्या शिवारात राहणाऱ्या शेतकऱ्याला हा अनुभव नवा नाही. अशा ठिकाणी स्वतःची शक्ती स्वतः निर्माण करावयाची झाल्यास डिझेल इंजिनाचा विचार करावाच लागतो. दुकानात गेल्यावर मात्र एकाच अश्वशक्तीची तीन तऱ्हेची इंजिने पुढे मांडली जातात. एक पन्नास किलोच्या आसपास, दोन माणसांनी उचलून न्यावे असे. दुसरे त्याहून बरेच जड. आणि तिसरे दोन मोठ्या चाकांचे, तीनशे किलोहून अधिक वजनाचे, जे बैलगाडीत चढवितानाही चार माणसे लागावीत. किंमत पाहून निर्णय घेतला जातो आणि तेथेच पुष्कळदा चूक होते.

संथ म्हणजे किती?

इंजिनाची गती दर मिनिटास होणाऱ्या फेऱ्यांवरून मोजतात. पहिल्या तऱ्हेचे हलके, हवेने थंड होणारे इंजिन मिनिटास ३,००० फेरे करते. दुसऱ्या तऱ्हेचे, महाराष्ट्रातील विहिरींवर सर्वांत अधिक दिसणारे उभे इंजिन १,५०० फेरे करते. तिसरे, ज्याला खऱ्या अर्थाने संथ म्हणावे ते, ६०० ते ६५० फेऱ्यांवर चालते. एका तासात संथ इंजिनाचे ३९,००० फेरे होतात, त्याच तासात हलक्या इंजिनाचे १,८०,०००. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर व एकदा खाली जातो, रिंगा लायनरवर घासतात आणि बेअरिंगवर दाब येतो. झीज कोणाची लवकर होईल हे सांगावयास गणिताची गरज नाही.

तरीही केवळ फेऱ्यांवरून निर्णय करणे सर्वस्वी बरोबर नव्हे. पिस्टन सेकंदाला किती मीटर धावतो हे अधिक महत्त्वाचे. संथ इंजिनाच्या ज्या नमुन्याची पुढे जगभर नक्कल झाली त्याचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका दिशेची धाव, साडेपाच इंच किंवा सुमारे १४० मिलिमीटर आहे. ६५० फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ३ मीटर पडतो. खडकी येथील किर्लोस्कर कारखान्याच्या ५ अश्वशक्तीच्या एव्ही-१ ह्या प्रसिद्ध इंजिनाची धाव ११० मिलिमीटर आहे. १,५०० फेऱ्यांवर वेग साडेपाच मीटर होतो. हलक्या इंजिनाची धाव ७० मिलिमीटर धरली तर ३,००० फेऱ्यांवर तो ७ मीटर होतो. म्हणजे मधल्या इंजिनाचे फेरे संथ इंजिनाच्या सव्वादोन पटींहून अधिक असले तरी पिस्टनचा वेग दुपटीपेक्षा कमीच आहे. चांगल्या धातूचे, चांगल्या कारागिरीचे १,५०० फेऱ्यांचे इंजिन निकृष्ट ओतकामाच्या संथ इंजिनापेक्षा अधिक टिकते, हे ह्यावरून समजून येईल.

ह्या इंजिनांचा आपल्याकडील इतिहास थोडा पाहण्यासारखा आहे. रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ साली यशस्वी ठरले. इंग्लंडमधील डर्सली गावच्या लिस्टर कारखान्याने १९३० च्या सुमारास ५ अश्वशक्तीचे, ६०० फेऱ्यांचे इंजिन काढले; पुढे तेच ६ अश्वशक्तीचे आणि ६५० फेऱ्यांचे झाले. हँडल मारून सुरू करावयाचे, आडमाप जड, आणि अडाणी हातालाही दुरुस्त करता येणारे हे यंत्र भारतासह जगाच्या अनेक भागांत पसरले. इकडे सातारा रोड येथे धनजीशा कूपर ह्यांनी १९२२ साली काढलेल्या कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिने तयार होऊ लागली. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे मुख्य प्रधान होते. लोखंडी नांगरापासून सुरुवात करणाऱ्या किर्लोस्कर घराण्याने १९४६ साली खडकीस ऑईल इंजिनांचा स्वतंत्र कारखाना घातला. दक्षिण महाराष्ट्रातील ऊस-बागायतीत मोटेची जागा ज्या यंत्रांनी घेतली त्यांत ह्या दोन्ही कारखान्यांचा वाटा मोठा आहे. लिस्टरच्या धर्तीची इंजिने मात्र गुजरातेत राजकोट येथील अनेक लहानमोठ्या कारखान्यांत तयार होऊ लागली. इंग्लंडमध्ये मूळ इंजिनाचे उत्पादन थांबले तरी राजकोटची परंपरा टिकली. आज 'लिस्टर टाइप' म्हणून जे इंजिन मिळते ते बहुधा तेथले असते.

काम आधी, इंजिन मागाहून

किती अश्वशक्तीचे इंजिन घ्यावे ह्या प्रश्नास शेजाऱ्याच्या इंजिनाकडे बोट दाखवून उत्तर देण्याची पद्धत सोडून द्यावयास हवी. समजा, एका तबेल्यात ५० म्हशी आहेत. पिण्याचे व धुण्याचे मिळून प्रत्येकीस दिवसाला १५० लिटर पाणी धरले तर एकूण ७,५०० लिटर होते. पंप सेकंदाला ४ लिटर पाणी २० मीटर उंच चढवीत असेल तर हे पाणी साधारण अर्ध्या तासात निघते. ४ लिटरला २० मीटरने गुणून ७५ ने भागले की पाण्याची निव्वळ अश्वशक्ती मिळते : १.०७. लहान पंपाची कार्यक्षमता निम्मी धरल्यास ती २.१३ होते, पट्ट्यातील घट मिळवून २.३५. कडबा कापण्याच्या यंत्राला २ अश्वशक्ती धरावी. दोन्ही यंत्रे एकाच वेळी चालविली तर ४.३५ अश्वशक्ती लागेल. म्हणजे ५ अश्वशक्तीचे इंजिन ह्या तबेल्यास पुरते. हीच रीत विहिरीवरील शेतकऱ्याने वापरावी. पाण्याची उंची मात्र उन्हाळ्यातील पातळीपासून मोजावी, श्रावणातील नव्हे.

"थोडे मोठे घेतलेले बरे" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. डिझेल इंजिनाच्या बाबतीत हा सल्ला घातक ठरतो. १० अश्वशक्तीचे इंजिन अडीच अश्वशक्तीच्या कामावर तासन् तास चालविले तर सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, रिंगांच्या खाचांत काजळी साचते, लायनरला काचेसारखी चकाकी येऊन तेल धरून ठेवणारे बारीक ओरखडे नाहीसे होतात आणि सायलेन्सरमधून काळे चिकट तेल ठिबकू लागते. इंजिन 'तेल खाते' अशी तक्रार मग सुरू होते. इंजिन आपल्या शक्तीच्या ६० ते ८५ टक्के भारावर चालणे हे त्याच्या प्रकृतीस सर्वांत मानवते. अति भार वाईट आणि अति हलका भारही वाईट.

डिझेलचा हिशेब येथेच करून पाहावा. चांगले इंजिन एक किलोवॅट शक्ती एक तास देण्यास सुमारे २५० ग्रॅम डिझेल घेते. ५ अश्वशक्ती म्हणजे ३.७३ किलोवॅट; तेव्हा पूर्ण भारावर तासाला सुमारे १.१ लिटर लागते. वर्षाला ५०० तास काम असेल तर ५६० लिटरच्या आसपास डिझेल जळेल. लिटरला ९० रुपये दर धरल्यास ही रक्कम पन्नास हजारांवर जाते. हेच काम ३०० ग्रॅम पिणाऱ्या इंजिनाने केले तर ११० लिटर अधिक लागतात, म्हणजे दरसाल सुमारे दहा हजार रुपये जादा. खरेदीच्या वेळी दोन-तीन हजारांसाठी घासाघीस करणारा गृहस्थ हा दहा हजारांचा खड्डा पाहत नाही, हे आश्चर्य आहे.

उलट, जोगेश्वरीच्या तबेल्याप्रमाणे ज्याला वर्षातून वीस-पंचवीस तासच इंजिन चालवावयाचे आहे त्याने डिझेलच्या खर्चाचा फारसा विचार करण्याचे कारण नाही. हँडल मारताच इंजिन सुरू झाले पाहिजे आणि बंद पडल्यास त्याच दिवशी दुरुस्त झाले पाहिजे, हीच त्याची गरज. त्याने खऱ्या संथ इंजिनाचा हट्ट धरू नये. १,५०० फेऱ्यांचे, परिसरातील कोणताही मिस्त्री ओळखतो असे इंजिन त्याला पुरेल. ६५० फेऱ्यांचे इंजिन त्याने घ्यावे ज्याला दररोज चार-सहा तास, वर्षानुवर्षे, एकाच जागी काम घ्यावयाचे आहे. उदाहरणार्थ, विजेपासून दूरची पिठाची गिरणी, गुऱ्हाळ किंवा नदीवरील उपसा. ३,००० फेऱ्यांचे हलके इंजिन टाकाऊ नव्हे. फवारणीला, शेततळ्यातून क्वचित पाणी उचलावयाला, खांद्यावरून बांधोबांध न्यावयाला ते सोयीचे आहे. रोजच्या ओलिताला ते जुंपणे म्हणजे शर्यतीच्या घोड्याला मोटेला लावणे होय.

ओतकामातील वाळू

संथ इंजिन घ्यावयाचे ठरले तर पारख कसून करावयास हवी. कारण ह्या वर्गात उत्तम आणि निकृष्ट ह्यांमधील अंतर फार मोठे आहे. बाहेरून दोन्ही हिरव्या रंगाची, दोन चाकांची, सारखीच दिसतात.

पहिली तपासणी क्रँककेसच्या आत करावी. बिडाचे ओतकाम वाळूच्या साच्यात होते. साफसफाईत कसूर झाली तर ही वाळू आतल्या कोपऱ्यांत चिकटून राहते, इंजिन तापले की सुटते आणि तेलात मिसळते. पुष्कळ संथ इंजिनांत तेल पंपाने फिरत नाही, गाळणीही नसते; कनेक्टिंग रॉडच्या टोकाची पळी तेलात बुडून ते सगळीकडे उडविते. म्हणजे ज्या तेलाने बेअरिंग जपावयाची तेच तेल वाळू घेऊन बेअरिंगमध्ये जाते. पंचवीस वर्षे चालावयाचे इंजिन पहिल्या हंगामातच खडखडू लागते ते ह्यामुळे. म्हणून विक्रेत्याकडून क्रँककेसचे झाकण उघडून घ्यावे, आतील कोपऱ्यांतून पांढरे फडके फिरवावे आणि लोहचुंबकाने लोखंडाचा कीस येतो का ते पाहावे. फडक्यावर कण आले तरी इंजिन नाकारलेच पाहिजे असे नाही. पण ते घरी आणल्यावर प्रथम डिझेलने धुऊन काढावे, नवे तेल भरून पाच तास चालवावे, तेल फेकून द्यावे, आणि पुन्हा २५ तासांनी तसेच करावे. एका डब्याचे तेल वाया गेले असे ह्यात कोणी समजू नये.

दुसरी तपासणी चाकांची. फ्लायव्हील शाफ्टवर पाचरीने बसविलेले असते. पाचर सैल असली तर धक्क्याधक्क्याने खाच मोठी होते आणि एके दिवशी शंभर-सव्वाशे पौंडांचे चाक शाफ्टवर डुलू लागते. इंजिन हळू फिरवून चाकाच्या कडेशी खडू धरावा. खडू सर्व परिघावर सारखा उमटला पाहिजे. चाकाचा तोल चुकला असेल तर इंजिन पायावर उड्या मारते. कितीही सिमेंट ओतले तरी ते थांबत नाही.

तिसरी तपासणी सुट्या भागांची, आणि ती दुकानात करावयाची नसते. नोजल, रिंगांचा संच, हेड गॅस्केट, बेअरिंग, फ्युएल पंपाचा एलिमेंट आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग ही नावे कागदावर लिहून तालुक्याच्या गावी तीन दुकानांत फिरावे. ज्या इंजिनाचे हे सर्व भाग तीनपैकी दोन दुकानांत मिळतात ते इंजिन आपल्या तालुक्यात टिकाऊ. ज्याचे एकही मिळत नाही ते परदेशातून आलेले असले तरी आपल्या दृष्टीने कुचकामाचे. नकलेच्या इंजिनांत आणखी एक अडचण येते. एकाच नमुन्यावर बेतलेली असली तरी निरनिराळ्या कारखान्यांची मापे बालभर इकडेतिकडे असतात आणि एकाचा लायनर दुसऱ्यास बसत नाही. म्हणून अशा इंजिनाबरोबरच, त्याच कारखान्याचा रिंग, गॅस्केट, नोजल व बेअरिंग ह्यांचा एक संच घेऊन तो ग्रीस लावून पत्र्याच्या डब्यात ठेवावा.

शेतीच्या कामासाठी असलेल्या २० किलोवॅटपर्यंतच्या इंजिनांना भारतीय मानक संस्थेचे आयएस ११,१७० हे मानक आहे. इंजिनाच्या पाटीवर अश्वशक्ती, फेरे, डिझेलचा खप आणि मानकचिन्ह कोरलेले असावे. पाटी नसेल, किंवा नुसता कागद चिकटवलेला असेल, तर ग्रामसेवकाने शेतकऱ्यास तेथून पुढे न्यावे.

शेवटी इंजिन भारावर चालवून पाहावे. दुकानात मोकळे फिरणारे इंजिन सर्वच गोड वाजते. पंप जोडून किमान एक तास चालवावे. धूर जवळजवळ दिसू नये. काळा धूर अति भाराचा किंवा खराब नोजलचा, निळसर धूर तेल जळत असल्याचा आणि तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर कच्चे डिझेल बाहेर पडत असल्याचा समजावा. मग भार एकदम काढावा. गव्हर्नर चांगला असेल तर इंजिन क्षणभर उसळून लगेच आपल्या गतीवर स्थिर होते, भिरभिरत राहत नाही. डिझेलचा खप पाहण्यास प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. टाकीऐवजी एक लिटर मोजलेली बाटली नळीला जोडावी आणि घड्याळ लावावे. ५ अश्वशक्तीचे चांगले इंजिन पूर्ण भारावर ह्या एका लिटरवर सुमारे ५३ मिनिटे चालते. पंचेचाळीस मिनिटांच्या आत ते आटोपले तर काही तरी बिघडलेले आहे.

वीज करावी की पट्टा लावावा?

इंजिनावर जनित्र बसवून वीज करावी आणि मग सर्व विजेची यंत्रे चालवावीत, ही कल्पना आकर्षक वाटते. परंतु एक लिटर डिझेलमधून लहान जनित्राला अडीच ते पावणेतीन युनिट वीज मिळते. म्हणजे केवळ डिझेलचाच खर्च युनिटला चौतीस रुपयांच्या घरात जातो. शिवाय विजेची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाचसहा पट प्रवाह ओढते, त्यामुळे ३ अश्वशक्तीच्या मोटरसाठी इंजिन-जनित्र दुप्पट-तिप्पट मोठे घ्यावे लागते आणि मग उरलेला वेळ ते हलक्या भारावर कुढत चालते. पंप व कडबायंत्र इंजिनाच्या पट्ट्यावर सरळ चालवावीत आणि विजेचा उपयोग दिव्यांपुरता ठेवावा, हे बरे. ज्याची विंधणविहीर खोल आहे आणि पंप पाण्यात बुडविलेला आहे त्याला मात्र जनित्राशिवाय गत्यंतर नाही.

पुलीचे गणित सोपे आहे. इंजिनाचे फेरे गुणिले त्याच्या पुलीचा व्यास, भागिले पंपाचे फेरे, म्हणजे पंपाच्या पुलीचा व्यास. ६५० फेऱ्यांच्या इंजिनावर ३५० मिलिमीटरची पुली असेल आणि पंपास १,५०० फेरे हवे असतील तर १५२ येतात. पट्टा थोडा घसरतो हे धरून १५० ची पुली बसवावी. संथ इंजिनावर जनित्र लावल्यास दिवे लुकलुकतात, त्याचे कारणही ध्यानात घ्यावे. ६५० फेऱ्यांच्या एका सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला ३२५ म्हणजे सेकंदाला पाचसहाच स्फोट होतात. जड फ्लायव्हील हा दोष बराचसा झाकते. चाक हलके केले की तो डोळ्यांस खुपू लागतो.

येथे कायद्याची बाब सांगणे अवश्य आहे. डिझेल जनित्रसंचांच्या धुरासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची अधिक कडक मानके १ जुलै २०२३ पासून लागू झाली आहेत. आवाजाचीही मर्यादा आहे : आवरणासह संचाचा आवाज एक मीटर अंतरावर ७५ डेसिबलच्या आत असला पाहिजे. म्हणून नव्या जनित्रसंचाबरोबर मान्यतेचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. उघड्या संथ इंजिनावर घरच्या घरी जनित्र जोडून ते जोगेश्वरीसारख्या दाट वस्तीत चालविण्याचा बेत कोणी करीत असेल तर त्यास वेळीच परावृत्त करावे. आणि जनित्र घराच्या तारांना जोडताना मधे दुहेरी बदल-स्विच, ज्याला चेंजओव्हर म्हणतात, तो बसविलाच पाहिजे. तो नसेल तर आपली वीज उलट बाहेरच्या तारांत जाते आणि 'लाईन बंद आहे' अशा समजुतीने खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाऊ शकतो.

ज्याला केवळ दिवसा पिकास पाणी द्यावयाचे आहे त्याने इंजिनापूर्वी सौर पंपाची चौकशी करावी. केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ साली आली आणि महाराष्ट्रात २०२४ पासून 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना राबविली जात आहे. तीत सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीच्या दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास पाच टक्केच भरावे लागतात. आभाळ भरून आले की सौर पंप मंदावतो हे खरे, पण तेव्हा पिकाला पाण्याची निकडही थोडी असते. गुरांना मात्र आभाळ पाहून तहान लागत नाही. त्यामुळे गोठेवाल्यास इंजिन ठेवावे लागते.

बसवणी आणि जोपासना

एका सिलिंडरच्या इंजिनाचा हादरा जबर असतो. इंजिनाच्या वजनाच्या तीन-चार पट वजनाचा काँक्रीटचा पाया घ्यावा, बोल्ट साच्याने जागेवर बसवून मगच काँक्रीट ओतावे आणि ते पुरते मुरेपर्यंत, म्हणजे निदान तीन आठवडे, इंजिन चालवू नये. जोगेश्वरीच्या टेकडीच्या बाजूस मुरूम-कातळ लवकर लागतो. खाजणावरील भरावात मात्र पाया अधिक रुंद करावा लागतो. नाही तर इंजिन एका बाजूस कलते आणि पट्टा उतरतो.

थंड पाण्याच्या बाबतीत एक गैरसमज सर्वत्र आहे. विहिरीचे गार पाणी इंजिनातून भरपूर सोडले की इंजिन 'थंड राहते' आणि जास्त टिकते असे मानले जाते. प्रत्यक्षात अति गार सिलिंडरमध्ये डिझेलच्या धुरातील आम्ल ओलाव्यासह लायनरवर जमते आणि तो कुरतडला जातो. इंजिनातून बाहेर पडणारे पाणी ६० ते ७० अंश सेल्सिअस, म्हणजे हात धरवणार नाही इतके गरम असावे. दोनशे लिटरचे पिंप उंचावर ठेवून, खालून गार पाणी इंजिनात आणि वरून गरम पाणी पिंपात, अशी आपोआप फिरणारी व्यवस्था करणे उत्तम. खाडीजवळ विहिरीचे पाणी मचूळ असते. असे पाणी इंजिनात कधीही घालू नये, पिंपात पावसाचे किंवा नळाचे पाणी भरावे.

डिझेल भांड्यात एक रात्र निवळू द्यावे आणि तळाचे दोन बोटे सोडून वरचे घ्यावे. रॉकेलची भेसळ फ्युएल पंपाचा घात करते, कारण पंपाचे वंगण डिझेलच असते. करंजाच्या कच्च्या तेलावर इंजिन चालते असे ऐकून कोणी मोहात पडू नये. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले होते ही गोष्ट खरी आहे. परंतु प्रदर्शनातील काही तास आणि मळ्यातील काही वर्षे ह्यांत फरक असतो. घट्ट तेलाने नोजल कोंदते आणि न जळलेले तेल रिंगांवाटे खाली उतरून वंगण बिघडविते. पळीने तेल उडविणाऱ्या इंजिनाचे वंगण दर १०० तासांनी बदलावे. तास लिहिण्यासाठी भिंतीवर कोळशाने रेघा ओढल्या तरी चालेल, पण नोंद हवी.

इंजिन बंद खोलीत कधीही चालवू नये. धुरातील विषारी वायू दिसत नाही, आणि गोठ्यात तो माणसाइतकाच जनावरालाही बाधतो. सायलेन्सरची नळी छपराबाहेर, वाऱ्याच्या उलट दिशेस काढावी. पट्ट्याला जाळीचे कुंपण हवे. धोतराचा सोगा आणि पातळाचा पदर ह्यांनी झालेले अपघात ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे सांगावे लागत नाही. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, मुठीभोवती वळवू नये. इंजिन उलटे फिरले तर हँडल हातातून सुटते आणि मनगट वाचते.

अडीअडचणीसाठी ठेवलेले इंजिन महिन्यातून एकदा, पंप जोडून, अर्धा-पाऊण तास चालवावे. पावसाळ्यापूर्वी टाकीच्या तळाची चकती उघडून साचलेले पाणी काढून टाकावे. जोगेश्वरी परिसरातील तबेलेवाल्यांनी आणखी एक गोष्ट करावी. २००५ सालच्या पाण्याची खूण वस्तीतील जुन्या माणसांकडून भिंतीवर दाखवून घ्यावी आणि इंजिनाचा ओटा त्याहून हातभर उंच बांधावा. डिझेलची टाकी व हवेची गाळणीही त्या खुणेच्या वर असावी. हँडल ओट्याशेजारच्या खुंटीलाच अडकवून ठेवावे. दुसऱ्या खोलीत ठेवलेले हँडल पुराच्या रात्री सापडत नाही.